अण्णांनी कांदा मागितला

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २८ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. गेली ६ वर्षं पुण्यात आयटीत नोकरी करते. बरोबर काम करणाऱ्या मुलाशी लग्न ठरतंय. मुलगा पुण्याचाच, त्याचे आईवडील शिकलेले, परदेश फिरलेले. दोन्ही घरांची पहिली भेट बाणेरला नव्याने उघडलेल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये झाली. जागा मुलाच्या आईने निवडली होती. पत्रलेखिकेचे वडील, ती त्यांना अण्णा म्हणते, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. घरी थोडी शेती आणि दोन म्हशी आहेत. जेवताना अण्णांनी वेटरला सांगितलं, "भाऊ, जरा कांदा-लिंबू आणा." पिझ्झा आला तर म्हणाले, "हा जळलाय की." पास्ता मिळमिळीत लागला म्हणून तिखट मागितलं. स्पॅगेटी काट्यावर टिकेना, तेव्हा सरळ हाताने खाल्ली. मुलाची आई हसली. पत्रलेखिका ओशाळून म्हणाली, "सॉरी हं, त्यांना अशा ठिकाणची सवय नाही." मग अण्णांनी कांद्याची ताटली बाजूला सरकवली. आईने पावाच्या तुकड्याशिवाय काही खाल्लं नाही. बिल ११,४०० रुपये झालं. ते अण्णांनी हट्टाने, आतल्या खिशातलं पाकीट काढून, रोख भरलं. गावी गेल्यावर मात्र त्यांनी पारावर बसून भट्टीतल्या पिझ्झ्याचं साग्रसंगीत वर्णन केलं म्हणे. चुलतभावाने हे फोनवर सांगितलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. आता साखरपुड्याची बोलणी त्याच ठिकाणी करावीत, असं मुलाच्या आईचं म्हणणं आहे. पत्रलेखिकेला तीन वाटा दिसतात: आईवडिलांना व्हिडिओ दाखवून काट्या-सुरीची सवय करायची, काहीतरी कारण काढून त्यांच्याऐवजी मामा-मामींना न्यायचं, किंवा जागाच बदलून घ्यायची. "माझं चुकतंय की मी प्रॅक्टिकल विचार करतेय?" असं ती विचारते.

तुला अगंतुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कांद्यावर तू अकरा ओळी लिहिल्यास (हो, मोजल्या), स्पॅगेटीवर सहा. आई जेवली नाही यावर एकच, तीसुद्धा जाता जाता. आणि ती का जेवली नाही, ते तर कुठेच नाही. म्हणून कांदा थोडा वेळ राहू दे. आधी आईकडे बघू.

ती बाई त्या दिवशी पहाटे उठली असेल. धारा काढल्या असतील, दूध घातलं असेल, ठेवणीतली साडी नेसून गाडीत बसली असेल. लेकीची सासरची माणसं पहिल्यांदा भेटणार, म्हणजे पोटात गोळा आलाच असणार. समोर कार्ड आलं त्यावर बुराता, फोकाच्या, न्योकी, रिसोटो. कुणीतरी सगळ्यांसाठी ऑर्डर दिली, ताटल्या आल्या, आणि तिने पावाचा एक तुकडा दोन तास पुरवला. तू समजलीस, तिला आवडलं नाही. मला वाटतं, ते काय आहे हेच तिला कळलं नाही, आणि विचारायचं कुणाला, तेही कळलं नाही. गळ्यात माळ असेल, त्या दिवशी संकष्टी असेल, दाढ दुखत असेल. मी लांबून काय सांगणार! तू शेजारी बसली होतीस.

शाकाहारी माणसाची इटालियन जेवणात खरोखरच पंचाईत होते, आणि ती मागासलेपणाची खूण मुळीच नाही. इटलीतलं अस्सल पार्मेजान चीज लावायला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजणच म्हण, वापरतात, तिकडच्या नियमातच ते बसवलेलं आहे. आपल्याकडे बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये ते नसतं, पण बाहेरून मागवलेलं चीज वर किसून घालण्याची आता फॅशन आहे, तेव्हा विचारलेलं बरं. ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. तिरामिसूत अंडं असतं, वर थोडी दारूही असू शकते. पन्नाकोटा दिसते आपल्या दुधाच्या वडीसारखी निष्पाप, पण ती जिलेटिनवर उभी असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये छोटे खारवलेले मासे घालतात. रिसोट्याचा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. माळकरी बाईने हे सगळं ओळखून पावावर दिवस काढला असेल, तर टेबलावरचा सगळ्यात शहाणा माणूस तीच होती.

यावर उपाय अगदी साधा आहे, आणि तू त्या दिवशी तो केला नाहीस. आदल्या दिवशी दुपारी, गर्दी नसते तेव्हा, रेस्टॉरंटला फोन करायचा. चीजमध्ये रेनेट कशाचं आहे, पास्त्यात अंडं आहे का, रिसोटो कशाच्या पाण्यात शिजवता, एवढंच विचारायचं. सांगता आलं नाही, तर तो पदार्थ आईसाठी मागवायचा नाही. इटलीतल्या नापोली (नेपल्स) शहराचा एक जुना पिझ्झा आहे, मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजचा पत्ताच नाही. कार्डावर नसला तरी सामान सगळं त्यांच्याकडे असतंच, सांगितला की करून देतात. एकादशी असेल तर मात्र कुठलाच इटालियन आईच्या मदतीला येणार नाही. तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय बघ.

आता तुझं ते वाक्य. "त्यांना अशा ठिकाणची सवय नाही."

मुलाची आई हसली, असं तू लिहितेस. कशी हसली, ते लिहीत नाहीस. कांदा मागितला म्हणून हसली, अण्णा वेटरला भाऊ म्हणाले म्हणून हसली, की असाच कांदा मागणारं कुणीतरी तिच्याही घरात होऊन गेलंय म्हणून? पुण्यातल्या किती घरांच्या मागे दोन पिढ्यांवर एक गाव उभं असतं! त्या हसण्याचा अर्थ तूच लावलास आणि माफीही तूच मागितलीस. तोवर टेबलावर सहा माणसं जेवत होती. तू बोललीस आणि चार एका बाजूला झाली, दोन एका बाजूला. तू चारांत बसलीस. अण्णांनी ताटली सरकवली ती तेव्हा. हे तू स्वतःच बरोब्बर क्रमाने लिहिलंयस, म्हणजे तुलाही ते कुठेतरी कळलंय.

"सॉरी" म्हणताना तू एक गोष्ट गृहीत धरलीस: अशा ठिकाणी जेवायची एक बरोबर पद्धत असते, समोरच्यांना ती येते आणि अण्णांना येत नाही. हे जरा तपासून बघू या.

कांदा घे. इटलीच्या पायाच्या चवड्यावर कालाब्रिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या त्रोपेआ गावचा लाल कांदा गोडसर असतो, इतका नावाजलेला की युरोपात त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. तो लोक कच्चा, चिरून खातात. त्याच कालाब्रियाचं जेवण मिरचीसाठी प्रसिद्ध. आणि तिखट पास्ता हवा असेल तर तिकडे त्याला नावच आहे, अराबियाता. म्हणजे रागावलेली. टोमॅटो, लसूण आणि लाल सुकी मिरची. अण्णांना त्या दिवशी जे हवं होतं ते कार्डावर बहुधा होतंच. ते कुणी वाचून दाखवलं नाही, म्हणून त्यांना वेटरला सांगावं लागलं. मिरची ना त्यांची, ना आपली. दोघांकडे ती अमेरिकेतून आली, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून. टोमॅटोसुद्धा तिकडचाच, आणि पास्त्यावर टोमॅटो घालायची रीत साधारण दोनशे-सव्वादोनशे वर्षांची. तेव्हा "अस्सल इटालियन" ऐकून फार दबून जाऊ नये, असं माझं मत. त्याच कार्डावर पिंक सॉस पास्ता आणि पनीर टिक्का पिझ्झा असणार, पैज लावते.

पिझ्झा जळलाय, हे अण्णांचं म्हणणं मला तर फार आवडलं. नापोलीच्या पद्धतीचा पिझ्झा चारशे अंशांच्या वर तापलेल्या लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत भाजतात. त्यामुळे कडेला काळे डाग येतात आणि मधला भाग ओलसर राहतो. ते डाग नसतील तर तिथले जाणकार नाक मुरडतात. पण हे अण्णांना कुणी सांगितलं? आयुष्यभर इंजिनांशी खेळलेला माणूस. त्याला भट्टीपाशी नेऊन "अण्णा, ही बघा, दीड मिनिटात भाजून निघतो" म्हटलं असतंस, तर लाकूड कुठलं, आतून वीट कोणती लावलीय, धूर कुठून काढलाय, असे प्रश्न विचारून त्यांनी त्या आचाऱ्याला अर्धा तास सोडला नसता. गावी पारावर बसून त्यांनी ज्याचं वर्णन केलं ती भट्टीच ना? तुला त्याची लाज वाटली. त्यांना तर मजा आली होती! एवढं होऊनसुद्धा.

आणि चीज. नापोलीच्या भागातलं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. दोन म्हशींच्या मालकाला हे कुणी सांगितलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हाताने स्पॅगेटी खाण्याबद्दल मी तुला खोटं बोलणार नाही. आजच्या रोममध्ये कुणी तशी खात नाही. एकोणिसाव्या शतकात नापोलीच्या रस्त्यांवर गाडीवरची मॅकरोनी लोक मान मागे टाकून, हाताने वर धरून खायचे. बाहेरून आलेले पाहुणे ते बघायला उभे राहायचे, त्याचे फोटो निघायचे. पण तो काळ गेला. मुद्दा एवढाच की स्पॅगेटी मागवली कुणी? काटा फिरवायची सवय नसलेल्या माणसापुढे स्पॅगेटी ठेवणं म्हणजे पुण्यात वाढलेल्या तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला मांडी घालून केळीच्या पानावर आमटी-भात वाढण्यासारखं आहे. तो ओघळ कसा आवरेल ते बघायला मला आवडेल, पण पहिल्या भेटीत नको. पेने, रिगातोनी असे आखूड पास्ते मागवावेत, सोबत मोठे चमचे मागून घ्यावेत. पिझ्झा तर हाताने खाल्लेला कुणालाच खटकत नाही. नापोलीत रस्त्यावर त्याची चौघडी करून, पाकिटासारखा दुमडून खातात. आणि ताटलीत उरलेला सॉस पावाने पुसून खायला इटालियन भाषेत स्वतंत्र शब्द आहे, स्कार्पेत्ता. फार रीतीभातीच्या जेवणात करत नाहीत, घरी सगळे करतात. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट लख्ख करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही.

माझंही सांगते. लग्न नवीन होतं तेव्हा नवऱ्याच्या साहेबांनी मुंबईत एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. पिझ्झ्यावर हिरवी पानं होती. मला वाटलं तुळस. चीजबरोबर तुळस, तीही भाजलेली! मी एकेक पान अलगद काढून ताटलीच्या कडेला रचून ठेवलं. साहेबांच्या बायकोने विचारलं, "आवडत नाही का बेझिल?" मी म्हटलं, "आवडते हो, पण संध्याकाळी तोडत नाहीत." टेबल क्षणभर गप्प. नवरा शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे तिचं," आणि स्वतःच्या पिझ्झ्यावरची पानंही काढून माझ्या पानांशेजारी ठेवली. बेझिल म्हणजे ज्याचं बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो ते झाड, तुळशीचं भावंड, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझी चूकच होती. पण त्या दिवसाचं मला काय आठवतं? त्याने ती पानं काढली, ते.

तुझ्या तीन वाटांबद्दल.

मामा-मामींची वाट तू बोलून दाखवलीस हे बरं झालं, कारण मनात राहिली असती तर तू ती कदाचित केलीही असतीस. ती नको. साखरपुड्याच्या बोलण्यांना मुलीचे आईवडील नाहीत, हे मामांना काय सांगणार? मुलाकडच्यांना काय सांगणार? आणि अण्णा पुण्याला निघायची तयारी करून बसले असतील तर त्यांना काय? एक खोटं झाकायला तीन खोटी लागतील, आणि ती सगळी लग्नाच्या मांडवात तुझ्यासोबत उभी राहतील.

व्हिडिओ दाखवून तयारी करून घेण्याला माझा विरोध आहे तो वेगळ्या कारणाने. त्यातून त्यांना एवढंच कळेल की लेक आपल्याला परीक्षेला बसवतेय. मग ती दोघं काटा नीट धरतीलही, पण तोंडातून शब्द काढणार नाहीत. बोलणी करायला गेलेली माणसं काट्याकडे बघत बसली, तर याद्यांचं आणि मानपानाचं कोण बोलणार? त्यांनी विचारलं तर जरूर दाखव. आईने "तो काटा कसा गं फिरवायचा" असं विचारलं, तर दाखव आणि दोघी मिळून हसा. न विचारता शिकवणी नको.

जागा बदलण्यात वाईट काही नाही. पण कशी बदलतेस यावर सगळं आहे. "माझ्या आईवडिलांना जमणार नाही" असं सांगून बदललीस, तर तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटल्यासारखं होईल, या वेळी फोनवर. आणि मग निवडणार काय, थाळी? थाळीच्या ठिकाणी अण्णा दिसतील आणि सगळ्यांना कळेल की ही जागा त्यांच्यासाठी निवडलीय. ते स्वतः तर सर्वांत आधी ओळखतील.

मला विचारशील, तर बोलणी हॉटेलात करूच नयेत. याद्या, तारखा, कार्यालय, कुणी किती खर्च करायचा, हे बोलताना दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन "एव्हरीथिंग ओके, सर?" विचारणार, वर कुठलं तरी संगीत, आणि नवीन ठिकाण म्हणजे शेजारच्या टेबलावर फोटो काढणारी मंडळी. बोलणी घरी. पहिली भेट मुलाच्या आईने ठरवली, पुण्यात. दुसरी तुमच्या घरी, गावी, असं म्हणून तर बघ. "काकू, या वेळी आमच्याकडे या, आई वाट बघतेय," एवढंच. कारण द्यावं लागत नाही, कारण हे निमंत्रण आहे. त्या बाईंनी अजून तुमचं घर पाहिलेलं नाही, आणि तुझी आई तिच्या स्वयंपाकघरात कशी असते तेही पाहिलेलं नाही. चकोल्या कर म्हणावं. परदेश फिरलेल्या माणसांना वरणात सोडलेल्या त्या कणकेच्या वड्या बघून हा पास्ताच आहे हे ओळखायला फार वेळ लागणार नाही. तूप त्यांनी मागून घेतलं, तर तू गालात हसू नकोस म्हणजे झालं.

पण हे सगळं माझं आणि तुझं झालं. अण्णांना आणि आईला तू विचारलंस का? पुढच्या भेटीबद्दल आई असं म्हणाली, अण्णा तसं म्हणाले, असं एकही वाक्य तुझ्या पत्रात नाही. त्यांना पुन्हा त्याच ठिकाणी जायचं असेल तर? मला तर अण्णांची शंका येते. त्यांना ती भट्टी नीट बघायचीय.

म्हणून त्याआधी एक काम कर. फक्त तुम्ही तिघं त्या रेस्टॉरंटमध्ये जा. शनिवार-रविवार नको, मधल्या वारी, दुपारी बाराला. नवीन ठिकाणी संध्याकाळी आवाज फार असतो आणि वाढायला उशीर होतो. साडेसातला जेवणाऱ्या माणसांना साडेनऊला पास्ता समोर आला की तो कितीही चांगला असो, गळ्याखाली उतरत नाही. बसायला उंच स्टुलं नकोत, पाठ टेकेल अशा खुर्च्या माग. एकेकाला एकेक पदार्थ न मागवता दोनच मागव आणि मध्ये ठेवा. पिझ्झा थोडा जास्त भाजून हवा की कमी, हे अण्णांना सांगू दे. पास्ता दाताला लागेल असा अर्धवट शिजवण्यात इटलीवाल्यांचा अभिमान असतो. आपल्या वडीलधाऱ्यांना तो कच्चाच लागतो. "जरा जास्त शिजवा" म्हणायला काही हरकत नाही, पैसे आपले आहेत. रिसोटो मागवलास तर आईला सांग, हा आपला मऊ भातच, तांदूळ जाडसर घ्यायचा आणि ढवळून ढवळून त्याचा चिकटपणा बाहेर आणायचा. ती पहिल्या घासात सांगेल कुठे बिघडलाय ते. तिचं ऐक.

अण्णांना त्या दिवशीबद्दल एकदाच बोल, एका वाक्यात. "अण्णा, मी तसं बोलायला नको होतं." ते "कधी गं?" म्हणतील आणि म्हशीच्या पेंडेचा भाव काढतील. काढू देत. पुढे ताणू नकोस.

बिलाचं मात्र आधी बघ, कारण अकरा हजार चारशेंत मला कांद्यापेक्षा मोठी अडचण दिसते. अण्णांनी ते का दिलं? त्यांना कार्डावरच्या किमती कळल्या नाहीत म्हणून? नाही गं. मुलीचा बाप म्हणून दिलं. बोलावलं मुलाच्या आईने, जागा तिची, ऑर्डर त्यांची, आणि पैसे मुलीकडच्यांनी, तेही आतल्या खिशातून, नोटा मोजून. समोरच्यांनी एकदा तरी "अहो, राहू द्या" म्हटलं का? तू लिहिलेलं नाहीस. म्हटलं असेल तर चांगलंच. नसेल तर हे एकदा नीट बोलायचं आहे, पण काकूंशी नाही, मुलाशी. लग्नाचा खर्च निम्मानिम्मा करायचं तुमचं ठरलं असेल तर ते या बिलापासून सुरू होतं. पुढच्या वेळी तुम्ही दोघांनी आधीच काउंटरवर कार्ड देऊन ठेवायचं, बिल टेबलावर यायलाच नको.

आणि ते बिल घरात असेल तर काढून बघ. सहा माणसांच्या बिलात साधारण हजार रुपये सर्व्हिस चार्ज लावलेला असण्याची बरीच शक्यता आहे. तो सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. टिप द्यायची की नाही, किती द्यायची, हे आपण ठरवायचं. "सर्व्हिस चार्ज काढून द्या" म्हटलं की चांगली ठिकाणं बिल बदलून देतात. नाही दिलं तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. जीएसटी तेवढा द्यावा लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. वाचलेल्यातून वेटरला रोख दे. अण्णा त्याला भाऊ म्हणाले होते, त्याच्या लक्षात असेल.

राहिला तुझा होणारा नवरा. तीन पानी पत्रात त्याचं एकही वाक्य नाही. तू ओशाळलीस, त्याची आई हसली, तुझ्या वडिलांनी ताटली सरकवली, तेव्हा तो काय करत होता? गडबडून गप्प बसला असेल, तर तरुण मुलगा आहे, समजू शकते. पण त्याच्याशी बोल. "मला त्या दिवशी लाज वाटली आणि आता त्या लाजेची लाज वाटतेय," असं सरळ सांग. तो काय म्हणतो ते नीट ऐक. "अगं, माझे आजोबापण असेच होते" म्हणाला, तर पुढच्या वेळी कांदा तोच मागवेल. "हो, जरा ऑकवर्ड झालं खरं, आईपण म्हणत होती" असं म्हणाला, तर साखरपुड्याची तारीख थोडी पुढे ढकलायला हरकत नाही. मोडायला सांगत नाहीये मी. आणखी दोन-चार वेळा एकत्र जेवा, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि ती माणसं वेटरशी, रिक्षावाल्याशी, तुझ्या आईशी कशी बोलतात ते बघ. काटा कुणाला धरता येत नाही यावर घर ठरत नाही, पण कुणी काय बघून हसतं, यावर मी माझ्या मुलीच्या वेळी बरंच काही ठरवलं होतं.

एक राहिलंच. आई तुझ्या रुखवतासाठी गव्हले, नखुले, मालत्या करायला बसली असेल किंवा बसेलच. बसली की तिला सांग, इटलीत बारी नावाचं शहर आहे, तिथल्या बायका गल्लीत दारापुढे टेबलं टाकून, अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीएवढा पास्ता वळतात आणि तिथेच वाळत घालतात. बघायला जगभरातून लोक येतात. फोनवर दाखव तिला. हा व्हिडिओ दाखवायला माझी काही हरकत नाही.

आणि तिघं जेवायला जाल तेव्हा आदल्या दिवशीच्या त्या फोनवर रेनेटचं विचारून झालं की सांगून ठेव: एक कांदा, पातळ चिरून, लिंबाच्या दोन फोडी, पाणी आणायच्या आधी टेबलावर.